बस्तीचं आरोग्य, दात्याचा पैसा: इंदूरमध्ये संयुक्त संशोधनासाठी निधी कसा उभा करायचा

बोटाला सुई टोचायला मी हात पुढे केला आणि तिने आपला हात पदराखाली घेतला. "पिछली बार भी खून ले गए थे दीदी. बताया कुछ नहीं." सकाळी चार घरची भांडी उरकून आलेली, इंदूरच्या एका बस्तीतली बाई. आमच्या आधी कोणीतरी तिथे सर्वेक्षण करून गेलं होतं. त्याचा अहवाल कुठे छापूनही आला असेल, पण हिला तिच्या हिमोग्लोबिनचा आकडा कोणी सांगितला नव्हता.

त्या दिवसापासून प्रस्ताव लिहिण्याची माझी रीत बदलली. आता बजेटची शेवटची ओळ मी सगळ्यात आधी लिहिते: तपासणीचा निकाल प्रत्येकीच्या घरी पोचवण्याचा आणि बस्तीत सभा घेऊन तो समजावून सांगण्याचा खर्च. ज्या देणगीदाराला ती ओळ खुपते, त्याचे पैसे घेऊ नयेत असं माझं मत आहे.

इंदूरमध्ये काम करणाऱ्या छोट्या संस्था, महिला मंडळं आणि मेडिकल कॉलेजातले किंवा विद्यापीठातले तरुण शिक्षक यांना एकत्र येऊन आरोग्याचा एखादा प्रश्न अभ्यासायचा असेल, त्यावर कामही करायचं असेल आणि त्यासाठी धर्मादाय पैसा हवा असेल, तर कुठून सुरुवात करायची ते इथे क्रमाने सांगते. सगळीकडे उदाहरण एकच ठेवते, बायकांमधला रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया. म्हणजे हिशेब समजायला सोपं जाईल.

आधी प्रश्न, मग पैसा

सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चाची, जाहिरात दिसली की तिला साजेसा विषय शोधायचा, ही फार रुळलेली सवय आहे. असा प्रस्ताव अनुभवी देणगीदार पहिल्या पानावरच ओळखतो. प्रश्न बस्तीतून यायला हवा, आणि तो विचारायला जागा तयार आहे. शहरी आरोग्य मिशनमध्ये ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते. तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मोकळा निधीही मिळतो. आशा दीदीला विचारून या समितीच्या दोन-तीन बैठकींना नुसतं जाऊन बसा. फॉर्म काढू नका. बायका थकव्याबद्दल बोलतात, पाळीबद्दल बोलतात, नळाला पाणी किती वाजता येतं त्याबद्दल बोलतात. तुमचा प्रश्न त्यातूनच सापडतो.

मग तो आकड्यांशी ताडून बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमियाचं प्रमाण देशात ५७ टक्के आणि मध्य प्रदेशात ५४.७ टक्के होतं. म्हणजे प्रश्न आहे हे सिद्ध करण्यासाठी नवं संशोधन नको. लोहाच्या गोळ्या फुकट मिळत असूनही त्या पोटात का जात नाहीत, हा प्रश्न मात्र तुमच्या बस्तीचा आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच सरकारी तक्त्यात मिळणार नाही. एका वाक्यात मांडता येईल असा प्रश्न हाती येईपर्यंत पुढे जाऊ नका.

सोबती कोण, आणि कोणी काय आणायचं

या शहराला भागीदारीतून काम उभं करण्याची चांगली परंपरा आहे. १९२४ मध्ये इथे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची शेती संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा जमीन होळकर दरबारची होती आणि पैसा कापूस समितीचा व मध्य भारतातल्या संस्थानांचा. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' त्यातूनच आली आणि त्या कामात हॉवर्ड यांचे सहकारी होते यशवंत वाड. आरोग्यातलं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगनंतर एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधले उंदीर हटवण्याची मोठी मोहीम झाली, शहरातल्या लोकांनी पैसे दिले, आणि त्यातून रोगी कल्याण समिती जन्माला आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य मिशननंतर ही रचना देशभर गेली. सरकारी दवाखान्यासाठी लोकांचा पैसा उभा करून तो समितीमार्फत खर्च करण्याची रीत आपल्याच गावातली आहे. एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी बोलताना ही आठवण जरूर काढा.

तुमच्या प्रकल्पात साधारण तीन बाजू हव्यात. बस्तीत ज्यांना लोक ओळखतात अशी संस्था किंवा मंडळ. संशोधनाची पद्धत जाणणारी आणि एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणारी समिती) असलेली शैक्षणिक संस्था. आणि सरकारी आरोग्य यंत्रणा, कारण अ‍ॅनिमिया सापडलेल्या बाईला औषध शेवटी राज्य सरकारच्या संजीवनी क्लिनिकमधून किंवा सरकारी दवाखान्यातूनच मिळणार आहे. यंत्रणेला प्रस्ताव लिहिण्याआधी भेटा. काम सुरू झाल्यावर परवानगी मागायला गेलात तर दार उघडायला महिने लागतात.

सामंजस्य करार पैसा येण्याआधीच करा, कारण पैसा आल्यावर माणसं बदलतात. त्यात चार गोष्टी हव्यातच. कोणाच्या खात्यात किती पैसे येणार. गोळा केलेली माहिती कोणाकडे राहणार आणि ती कोण वापरू शकणार. शोधनिबंधावर कोणाकोणाची नावं येणार. आणि एक भागीदार मधेच निघून गेला तर काय करायचं. नावांच्या बाबतीत मी हटून बसते. ज्या कार्यकर्तीने प्रश्नावली घडवायला मदत केली, माहितीचा अर्थ लावायला ती सोबत बसली, मसुदा तिला वाचून दाखवला गेला आणि तिने तो मान्य केला, तिचं नाव आभाराच्या परिच्छेदात नाही, लेखकांच्या ओळीत असायला हवं.

कागदपत्रांची पिशवी

हा भाग रुक्ष आहे, पण निम्मे अर्ज इथेच गळतात. मध्य प्रदेशात बहुतेक संस्था १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेल्या असतात. धारा २७ प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि धारा २८ प्रमाणे ऑडिट झालेले हिशेब दरवर्षी रजिस्ट्रारकडे जायला हवेत. तीन वर्षांचं साचलं असेल तर आधी ते भरून काढा. त्यानंतर आयकराची नोंदणी, म्हणजे सगळे जिला '१२ए' म्हणतात ती, आणि दात्याला करसवलत देणारी '८०जी'. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या प्रमाणपत्रांच्या मुदती घेऊन चार्टर्ड अकाउंटंटसमोर (सीए) बसा. शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, संस्थेचं पॅन, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि वार्षिक अहवाल. कंपनीकडून पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून लागतेच.

तुमच्या मंडळाकडे यातलं काहीच नसेल तर घाईने नवी संस्था काढू नका. नोंदणी असलेल्या संस्थेचा एक उपक्रम म्हणून पहिलं काम करा. कंपन्या बाहेरच्या संस्थेकडे तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात, कारण नियमच तसा आहे.

पैसा कुठे आहे

सगळ्यात जवळचा पैसा शहरातल्याच लोकांचा. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातल्या मराठी कुटुंबांत आईवडिलांच्या स्मरणार्थ देणगी देण्याची प्रथा आजही आहे. एवढंच की ती देणगी बहुधा वस्तूंकडे जाते: पंखा, पाण्याची टाकी, खुर्च्या. दात्याला हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र आणि एका बस्तीच्या तपासणीला वर्षभर लागणाऱ्या पट्ट्या असा ठोस आकडा सांगा, तो समजतो आणि देतो. ८०जीची सवलत जुन्या करप्रणालीत कर भरणाऱ्यालाच मिळते आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी तिच्यात धरली जात नाही, हे दोन्ही आधीच सांगून टाका. चेक किंवा ऑनलाइनच घ्या. क्षयरोगाचं काम असेल तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या निक्षय मित्र योजनेत व्यक्ती किंवा मंडळ रुग्णांच्या पोषक आहाराची जबाबदारी घेऊ शकतं. पहिल्यांदाच काम करणाऱ्या मंडळाला सुरुवात म्हणून ते उत्तम.

दुसरा झरा सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. पीथमपूरची औद्योगिक वसाहत आपल्या उंबरठ्यावर आहे, तिथल्या वाहन आणि औषध कंपन्यांची यादी काढून बसा.

इथे एक बारीक पेच आहे आणि तो कळला नाही तर चांगले प्रस्ताव परत येतात. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आरोग्यसेवा आणि प्रतिबंध हे वेगळं कलम आहे आणि संशोधनासाठी पैसा हे वेगळं. संशोधनाच्या कलमाखाली पैसा जातो तो सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सारख्या संस्था यांच्याकडे. छोट्या संस्थेने 'आम्ही संशोधन करणार' असं लिहिलं की कंपनीचा कायदेविभाग फाइल बाजूला ठेवतो. म्हणून काम दोन भागांत मांडा. तपासणी, समुपदेशन, गोळ्या नियमित घेतल्या जातात का याचा पाठपुरावा हा आरोग्यसेवेचा भाग तुमच्या संस्थेकडे. विश्लेषण आणि अभ्यासाचा भाग सरकारी विद्यापीठाकडे किंवा महाविद्यालयाकडे, त्यांच्या नावाने वेगळा, तेही कलमात बसत असतील तरच. नाहीतर तो खर्च दुसऱ्या दात्याकडून आणा.

आणखी एक गैरसमज. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर देता येत नाही' असं सांगून कार्यकर्तीचा पगार कापला जातो. ५ टक्क्यांची ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसांचा पगार आणि देखरेखीचा खर्च हा प्रकल्पाचाच खर्च असतो. हे नम्रपणे, पण लेखी कळवा.

वेळेचंही भान ठेवा. कंपन्यांची वर्षाची आखणी एप्रिल ते जूनमध्ये होते. जानेवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा घाईने वाटला जातो, आणि तो घेऊन एका महिन्यात खर्च करून दाखवायची वेळ येते. संशोधनाच्या कामाला तो पैसा मानवत नाही. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी मिळाली तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं काम चालवता येतं. तीच मागा.

मोठे न्यास, म्हणजे टाटा ट्रस्ट्स किंवा अझीम प्रेमजी फाउंडेशन, तुमचं बस्तीतलं काम आधी बघतात. तिथे चकचकीत सादरीकरणापेक्षा तुमची हजेरीवही जास्त बोलते. आयसीएमआरची अनुदानं आणि २००८ पासून चालू असलेल्या डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सच्या (डीबीटी म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) योजना संशोधकासाठी आहेत. तिथे अर्ज भागीदार कॉलेजच्या नावाने जाऊ द्या आणि तुमच्या संस्थेचा वाटा त्यात स्पष्ट लिहून घ्या.

परदेशी पैशाबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण इथली चूक महागात पडते. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, "मावशी, दोन लाख पाठवतो." त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेतून येत असतील, तर ते परकीय योगदान धरलं जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. पण तो अमेरिकी नागरिक झाला असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही तो परदेशी दाता आहे, आणि एफसीआरएची (परकीय योगदान नियमन कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना त्याचा एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ही शेवटची अट संयुक्त प्रकल्पांचा कणा मोडते. पूर्वी मोठी संस्था पैसा घेई आणि छोट्यांना वाटून देई. आता प्रत्येक भागीदाराने थेट दात्याकडून घ्यायला हवा, आणि प्रत्येकाची स्वतःची नोंदणी हवी. शिवाय परदेशी पैसा किंवा परदेशी संशोधक आला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं. पहिल्या प्रकल्पात या वाटेला जाऊ नका.

एथिक्स कमिटी

"आम्ही तर नुसते प्रश्न विचारतोय" म्हणून हे टाळू नका. बोटभर रक्त घेतलं की आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात, आणि नुसत्या प्रश्नांनाही होतात. छोट्या संस्थेने स्वतःची कमिटी काढण्याच्या फंदात पडू नये. भागीदार कॉलेजची नोंदलेली कमिटी वापरावी. अर्ज निधीच्या अर्जासोबतच टाका, कारण बहुतेक दाते मंजुरीचं पत्र बघूनच पहिला हप्ता सोडतात.

संमतीपत्रावर कष्ट घ्या. कमिटीपुढे जाणारी हिंदी बस्तीत चालत नाही. 'स्वैच्छिक सहभागिता' वाचून दाखवली की बाई मान हलवते आणि अंगठा देते. ती संमती नव्हे. आम्ही माळवीत चार वाक्यं तयार केली, निमाडी बोलणाऱ्या बायकांकडून ती बदलून घेतली, आणि प्रत्येकीला विचारलं, "आता तुम्ही मला सांगा, मी काय करणार आहे." तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की मगच पुढे गेलो. अर्धा दिवस बुडवणाऱ्या बाईला त्या वेळेचे पैसे देता येतात, कमिटीची मान्यता घेऊन. मजुरीवर जाणाऱ्या बाईकडून फुकट वेळ मागणं मला पटत नाही.

बजेट: आधी दिवस मोजा

रुपये लिहिण्याआधी माणसांचे दिवस लिहा. प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ५ टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर ३८४ बायकांची तपासणी लागते. दहातली एक नाही म्हणेल किंवा भेटणार नाही हे धरलं की यादीत ४२७ नावं हवीत. एक कार्यकर्ती संमती, प्रश्न आणि तपासणी धरून दिवसाला आठ घरं नीट करते. म्हणजे ५४ दिवसांचं काम, दोघी असतील तर २७ दिवस. आता निकाल परत द्यायला जा. ते काम लवकर होतं, दिवसाला पंधरा घरं. तरी ३८४ जणींना २६ दिवस लागतातच, दोघींना १३. प्रस्तावांमध्ये हे १३ दिवस बहुधा नसतात. म्हणूनच ते घडत नाही. (वस्त्या निवडून नमुना घेणार असाल तर संख्या वाढते. ती कॉलेजच्या सांख्यिकी शिक्षकाकडून काढून घ्या.)

या दिवसांवर पगार, मग पट्ट्या आणि साहित्य, प्रवास, प्रशिक्षणाचे दिवस, छपाई, ऑडिट. पट्ट्यांना तीन दरपत्रकं घ्या आणि दहा टक्के जास्त धरा, त्या उघड्या राहिल्या की खराब होतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली निघालं तर त्याच दिवशी रिक्षा करून तिला दवाखान्यात न्यायचं, तोही खर्च लिहा.

वेळापत्रक पंचांग समोर ठेवून करा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्याच्या बाजूला पाय ठेवता येत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्रीनंतर दोन दिवस बस्ती झोपलेली असते. झाबुआ-अलीराजपूरकडची मजूर कुटुंबं होळीआधी भगोरियाच्या जत्रांना गावी जातात. आम्ही एकदा नेमका तोच आठवडा धरला होता आणि यादीतल्या निम्म्या दारांना कुलूप होतं.

पैसा आल्यावर

अहिल्याबाईंनी दानधर्म खासगीतून केला, दौलतीच्या खजिन्यातून नाही, हे इंदूरच्या मराठी घरात लहानपणीच कानावर पडतं. प्रकल्पाचा हिशेबही तसाच वेगळा ठेवा. आमचं पहिलं अनुदान आम्ही संस्थेच्या जुन्या बचत खात्यात घेतलं. वर्षाअखेर दात्याने विचारलं, आमच्या पैशावर व्याज किती? ते वेगळं काढायला तीन रविवार गेले आणि चूक सर्वस्वी आमची होती. वेगळं खातं, दोन सह्या, प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचं नाव आणि बजेटच्या ओळीचा क्रमांक. वापर प्रमाणपत्र सीएकडून यूडीआयएन (प्रमाणपत्राची ऑनलाइन ओळख) क्रमांकासह घ्या. सरकारी अनुदानात ते जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात लागतं. आयकराच्या १२एशी त्याचा काही संबंध नाही, पण दोन्हींचा घोळ करून चुकीचा कागद पाठवलेला मी पाहिला आहे.

एका ओळीतला पैसा दुसऱ्या ओळीत वळवायचा असेल तर खर्च करण्याआधी दात्याला पत्र टाका. चांगला दाता सहसा हो म्हणतो. नंतर कळलं तर मात्र रागावतो.

परत देणं

संशोधन लोकांकडे परतलं की काय होतं याचं मोठं उदाहरण इंदूरच्या शेजारचं आहे. अलीराजपूर, झाबुआ, धारमधले आदिवासी मजूर गुजरातेतल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांतून सिलिकोसिस घेऊन परत येत होते आणि मरत होते. संघटनांनी गावोगाव फिरून नावनिशीवार नोंद केली. ती नोंद राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे उभी राहिली आणि २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. त्या यादीत नाव, गाव, कारखाना लिहिलेला नसता तर तो आदेश कोणाच्या नावे झाला असता?

तुमचं काम लहान असेल, तरी रीत तीच. प्रत्येकीला तिच्या भाषेत एक चिठ्ठी द्या: आकडा, तो चांगला की कमी, आता कुठे जायचं, कोणाला भेटायचं. नावासह आकडा फक्त तिलाच द्यायचा. सासूला नाही, पार्षदाला नाही, दात्यालाही नाही. सभेत फक्त एकूण चित्र सांगा. सभा रात्री आठनंतर ठेवा, बायका कामावरून येऊन स्वयंपाक उरकल्यावर. आशा दीदी आणि क्लिनिकच्या डॉक्टरना सोबत बसवा, गोळ्यांचं पाकीट तिथेच हातात द्या. दात्याच्या माणसालाही बोलवा, पण त्याला भाषण करू देऊ नका, ऐकू द्या.

हात पदराखाली घेणारी ती बाई पुढच्या फेरीत आली. तिचा आकडा ९.४ होता. चिठ्ठी तिने रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला आलो तेव्हा तीच चिठ्ठी काढून आमच्यापुढे धरली, नवा आकडा तिच्या खाली लिहायला.